विमानाच्या पत्र्यांचे फ्रिक्शन स्टिर वेल्डिंग: मुळापर्यंत पक्का सांधा

विमानाच्या सांगाड्यात वापरले जाणारे २०२४ आणि ७०७५ हे अ‍ॅल्युमिनियमचे मिश्रधातू वितळवून जोडले, तर थिजताना त्यांना सहज तडे जातात, आणि म्हणूनच ते दीर्घकाळ रिव्हेटनेच जोडले गेले. १९९१ मध्ये ब्रिटनमधील टीडब्ल्यूआय या वेल्डिंग संशोधन संस्थेत विकसित झालेली फ्रिक्शन स्टिर वेल्डिंगची पद्धत फिरत्या टूलच्या घर्षणाने धातू न वितळवता, नुसता मऊ करून ढवळते आणि जोडते. ‘एक्लिप्स ५००’ या छोट्या जेट विमानात या पद्धतीने हजारो रिव्हेटांची जागा घेतली.

येथे ४ मिमी जाडीचे २०२४-टी३ चे (टी३ म्हणजे उष्णतोपचाराने कठीण केलेली अवस्था) दोन पत्रे कडेला कड लावून जोडायचे आहेत, असे धरू. कडा सरळ मिलिंग करून घ्याव्यात, ऑक्साइडचा थर घासून काढावा आणि तेलाचा अंश राहू नये म्हणून लगेच सॉल्व्हंटने पुसावे. पत्र्यांखाली पोलादी बॅकिंग प्लेट हवीच, कारण टूलचा दाब काही किलोन्यूटनपर्यंत जातो आणि तो पत्र्यांना खाली ढकलतो, तसाच बाजूलाही फाकवतो. क्लॅम्प कसण्यात कंजुषी केली, तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

टूल एच१३ या उष्णता सोसणाऱ्या पोलादाचे चालते. त्याच्या पिनची (धातूत शिरणाऱ्या टोकाची) लांबी हा या कामातला सर्वांत नाजूक निर्णय आहे: आपल्या उदाहरणात ती ३.८ मिमी घ्यावी, म्हणजे शोल्डर (पिनच्या वरचा, पत्र्यावर टेकणारा रुंद भाग) सुमारे ०.१ मिमी रुतल्यावर पिनच्या टोकाखाली तेवढीच फट उरते. पिन आखूड पडली की वरून देखणा दिसणारा सांधा मुळाशी, म्हणजे तळाच्या बाजूला, न जुळलेला राहतो, आणि हीच चीर वारंवार भार येणाऱ्या भागात पुढे वाढत जाते. पिन लांब झाली तर ती बॅकिंग प्लेटच खरवडते.

टूल प्रवासाच्या उलट दिशेला सुमारे २ अंश कलते ठेवावे, फिरते टूल सावकाश रुतवावे, धातू मऊ होईपर्यंत काही सेकंद जागीच थांबावे आणि मगच पुढे सरकावे. टूलच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या आणि सरकवेग यांची जोडी त्याच घडणीच्या चाचणी पट्टीवर ठरवावी. धातू थंड राहिला, तर ज्या बाजूला टूलचा पृष्ठभाग प्रवासाच्याच दिशेने फिरतो त्या बाजूला आत बोगद्यासारखी पोकळी राहते. अशा वेळी सरकवेग कमी करावा किंवा फेऱ्या वाढवाव्यात. कडेला जाड पापुद्रा निघू लागला, तर उष्णता किंवा दाब जास्त झाला आहे असे समजावे. शेवटी पिन बाहेर काढताना भोक उरते, म्हणून सांध्याच्या पुढे जादा पट्टी जोडून टूल तिच्यातच थांबवावे आणि पट्टी नंतर कापून टाकावी.

तपासणीत वरच्या गुळगुळीत पृष्ठभागावर विसंबणे धोक्याचे आहे. अल्ट्रासोनिक तपासणीत पोकळी सापडते, परंतु मुळाशी धातू नुसता टेकलेला असेल, तर तो दोष निसटू शकतो. त्यासाठी चाचणी पट्टीचा छेद घेऊन, पॉलिश करून, केलरच्या द्रावणाने (धातूची रचना उघडी करणाऱ्या आम्लमिश्रणाने) कोरून पाहावा आणि दुसरा तुकडा मुळाची बाजू बाहेर राहील अशा रीतीने वाकवावा. ७०७५ च्या बाबतीत एक दक्षता अधिक हवी: त्याचा ढवळलेला भाग खोलीच्या तापमानालाही दीर्घकाळ कठीण होत राहतो, त्यामुळे वेल्डिंग आणि चाचणी यांमधील काळ प्रत्येक नमुन्यासाठी सारखा ठेवून नोंदवावा.