गिटारचा नेक पातळ पाहिजे म्हणजे नक्की काय पाहिजे?

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, अरे एखादी पातळ नेकवाली अ‍ॅकॉस्टिक सुचव ना, माझे हात लहान आहेत, एफ कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा एकदम दाबायची ती) काही केल्या लागत नाही. मग मी उलटा प्रश्न विचारतो, की बाबा पातळ म्हणजे काय पातळ? नेकची, म्हणजे गिटारच्या त्या लांब दांड्याची जाडी कमी पाहिजे, का रुंदी कमी पाहिजे, का फ्रेट, म्हणजे त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, जवळजवळ पाहिजेत, का तारा दाबायला हलक्या पाहिजेत? या चारही वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक सगळ्या 'पातळ' या एकाच शब्दात कोंबतात, मग दुकानातला माणूस जी गिटार खपवायची असेल ती पातळ म्हणून हातात देतो.

मी स्वतः याच चुकीत वर्षभर अडकलो होतो. पहिली गिटार घेतली ती ४१ इंची मोठी, दुकानदार म्हणाला सुरुवातीला बोटं दुखणारच, सगळ्यांची दुखतात. मीही मान डोलावली आणि घरी आलो. तीन महिने झाले, सहा महिने झाले, एफ म्हटलं की निम्म्या तारा थप्प. माझी बोटंच आखूड आहेत असं मनाशी ठरवून गिटार कपाटावर ठेवून दिली. पुढे एका रिपेअरवाल्या काकांनी ती बघितली, तारा काढल्या, ब्रिजमधली ती पांढरी पट्टी म्हणजे सॅडल चिमट्याने उपसलं, टेबलावर सँडपेपर ठेवून सॅडलची खालची बाजू पाच-सात मिनिटं घासली, परत बसवलं, नेकच्या वरच्या टोकाच्या पट्टीच्या, म्हणजे नटच्या खाचा बारीक कानशीने थोड्या खोल केल्या आणि म्हणाले वाजव. तोच नेक, तेच हात, आणि एफ वाजला. मला राग आला खरं तर, वर्ष फुकट गेलं म्हणून.

तर आधी अ‍ॅक्शन बघा, मग नेक. अ‍ॅक्शन म्हणजे तार फ्रेटपासून किती उंच आहे ते. मोजतात बाराव्या फ्रेटवर, फ्रेटच्या वरच्या कडेपासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत. सर्वात जाड तारेला २.३ ते २.५ मिमी आणि सर्वात बारीक तारेला १.८ ते २ मिमी एवढं असेल तर हाताला मस्त वाटतं. स्वस्तातल्या नव्या गिटारी ३ ते ३.५ मिमीवर असणं काही नवल नाही. दुकानात मोजपट्टी काढायची लाज वाटत असेल तर एक जुगाड सांगतो, एटीएम कार्ड. कुठल्याही बँकेचं कार्ड साधारण ०.७६ मिमी जाड असतं, म्हणजे तीन कार्डं एकावर एक ठेवली की २.३ मिमी झाले. हा गठ्ठा बाराव्या फ्रेटवर ठेवून जाड तारेखाली सरकवायचा, कार्डावर उठावाची अक्षरं असतील तर तो भाग सोडून. तीन कार्डं तारेला न उचलता जेमतेम गेली तर उत्तम. चार कार्डं आरामात आत जात असतील तर ती गिटार सेटअप, म्हणजे सॅडल-नट घासून तारांची उंची नीट केल्याशिवाय घ्यायची नाही. बारीक तारेखाली दोन सहज जावीत आणि तिसरं अडावं.

पण हे करायच्या आधी गिटार सुरात लावून घ्या, मोबाइलमध्ये ट्यूनर असतोच. दुकानात टांगलेल्या गिटारींच्या तारा बऱ्याचदा ढिल्या सोडलेल्या असतात, त्यामुळे हातात घेतल्यावर लोण्यासारख्या वाटतात आणि घरी आणून सुरात लावली की हीच का ती असं होतं. इथे फार लोक फसतात.

दुसरी तपासणी नटची. नट म्हणजे वरच्या टोकाला, जिथून तारा खुंट्यांकडे जातात ती पट्टी. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते बघा, कागद जाईल न जाईल एवढीच पाहिजे. तिथे ढळढळीत फट दिसली तर नट उंच आहे. एफ कॉर्ड पहिल्याच फ्रेटवर, नटच्या अगदी शेजारी लागते, म्हणून नट उंच असला की सगळ्यात जास्त बोंब तिचीच होते. अजून सोपं म्हणजे पहिल्या फ्रेटला कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा लावा आणि तोच एफचा आकार एक घर पुढे धरून बघा. एकदम सोपं वाटलं तर दोष तुमच्या बोटांचा नाही आणि नेकचाही नाही.

हे सगळं ठीक असूनही त्रास होत असेल तर मग नेककडे वळू.

रुंदी. ही नटजवळ मोजतात आणि ऑनलाइन माहितीत नट विड्थ म्हणून दिलेली असते. स्टीलच्या तारांच्या गिटारींमध्ये दोनच आकडे सारखे दिसतील, ४३ मिमीच्या आसपास आणि ४४.५ मिमी. लहान हातांना ४३ सोयीचा. फरक दीड मिलिमीटरचा, हसायला येतं, पण अंगठा मागे ठेवून सहाव्या, म्हणजे सर्वात जाड तारेपर्यंत पोचायचं असतं तेव्हा तो दीड मिलिमीटर जाणवतो. उलट ज्यांची बोटं जाडजूड आहेत त्यांनी ४३ च्या मागे लागू नये, शेजारची तार बोटाच्या गादीने दाबली जाते आणि सी कॉर्डमधली पहिली तार मुकी होते. आणि एक नेहमीची गफलत, नायलॉनच्या तारा मऊ असतात म्हणून कोणीतरी लहान मुलीला क्लासिकल गिटार घेऊन देतं. तारा मऊ असतात खऱ्या, पण क्लासिकलचा नेक साधारण ५२ मिमी रुंद असतो आणि फ्रेटबोर्ड, म्हणजे बोटं दाबायची ती पट्टी, सपाट. बार कॉर्डला, म्हणजे एफसारख्या कॉर्डला ती मुलगी रडकुंडीला येते.

जाडी. पहिल्या फ्रेटपाशी बहुतेक अ‍ॅकॉस्टिक २० ते २२ मिमीच्या मध्ये कुठेतरी असतात. पूर्वीच्या गिटारींचे नेक चांगले दांडगे असायचे, त्यालाही कारण होतं. सहा स्टीलच्या तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या वर जातो, तो सगळा लाकडानेच पेलायचा म्हणजे लाकूड जाड ठेवावंच लागणार. नेकच्या आत फिरवून घट्ट-सैल करता येणारा लोखंडी ट्रस रॉड आला, गिब्सन कंपनीने त्याचं पेटंट १९२३ मध्ये घेतलं, आणि मग नेक बारीक करायला वाव मिळाला. मार्टिनने मात्र असा फिरवता येणारा रॉड थेट १९८५ मध्ये घातला, एवढी जुनी कंपनी पण घाई म्हणून नाही. टेलर कंपनी १९७४ ची, आणि त्यांचं नाव झालं त्यातलं एक मोठं कारण म्हणजे इलेक्ट्रिकवाल्यांच्याही हातात बसेल असा सडपातळ नेक. तेव्हा स्वस्तातली गिटार घेताना ट्रस रॉड आहे की नाही हे नक्की बघा, साउंडहोलमधून आत नेकच्या टोकाला किंवा वर हेडस्टॉकवरच्या छोट्या झाकणाखाली अ‍ॅलन की घालायचं भोक दिसतं. ते नसेल तर नेक वाकल्यावर काहीच करता येत नाही. एकदम स्वस्त मालात तो नसतोही.

पातळ नेक सगळ्यांनाच बरा असतो असंही नाही हं. ज्यांचा पंजा मोठा आहे त्यांना फार सपाट नेकवर अंगठ्याला टेकायला काही उरत नाही, मग ते चिमटीत धरल्यासारखं दाबत बसतात आणि अर्ध्या तासात अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागते. मला स्वतःला मध्यम सी आकाराचा, म्हणजे मागून सी अक्षरासारखा गोलसर नेक आवडतो, अगदी फळीसारखा नाही. दुकानात निदान दहा मिनिटं बसून बार कॉर्ड धरून बघा, उभ्याउभ्या एक जी कॉर्ड मारून कळत नाही.

आता स्केल, म्हणजे नटपासून सॅडलपर्यंतची तारेची वाजणारी लांबी. माझ्या मते लहान हातवाल्यांसाठी ही गोष्ट जाडीपेक्षा महत्त्वाची आहे आणि हिच्याबद्दल कोणी बोलत नाही. ६५० मिमी स्केलच्या गिटारवर नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंत १३४ मिमी अंतर पडतं. ५९७ मिमीवाल्यावर तेच १२३. अकरा मिलिमीटर! करंगळी ताणायची वेळ येते तेव्हा अकरा मिमी म्हणजे खूप झाले. शिवाय त्याच जाडीच्या तारा, त्याच सुरात, लहान स्केलवर कमी ताणाने लागतात, ६५० वरून ५९७ ला आलात तर ताण साधारण १५-१६ टक्क्यांनी उतरतो. म्हणजे ताणही कमी, दाबही कमी.

नावं घ्यायची तर, यामाहाची एफ३१० आपल्याकडे निम्म्या क्लासांमध्ये दिसते, ४३ चा नट आणि ६३४ मिमी स्केल, सुरुवातीला वाईट नाही. त्यांचीच एफएस८०० तेवढ्याच मापाची, अंगाने मात्र लहान आणि वरचं लाकूड एकसंध, लहान चणीच्या माणसाला मी हीच सांगतो, कारण पुष्कळदा त्रास नेकचा नसून पोटाचा असतो, म्हणजे गिटारच्या. एफजी८०० मोठी, स्केल ६५०. ज्यांना इलेक्ट्रिकसारखा हात पाहिजे त्यांनी यामाहाची एपीएक्स किंवा आयबानेझची एईजी सिरीज हातात घेऊन बघावी, दोन्ही अंगाने पातळ आहेत, पण पातळ अंगाला अ‍ॅम्प्लिफायरला न जोडता खर्ज कमीच येणार हे आधीच सांगून ठेवतो, घरी बसून नुसतं गायचं असेल तर दोनदा विचार करा. फेंडरच्या सीडी-६०एस ला फ्रेटबोर्डच्या कडा गोल केलेल्या असतात, तळहाताला बरं वाटतं. आणि खिसा परवानगी देत असेल तर टेलरची जीएस मिनी, स्केल ५९७, नट ४३ ला थोडा कमी. लहान दिसते म्हणून लहान मुलांची समजू नका.

ऑनलाइन बघताना '३८ इंची', '४० इंची' असं लिहिलेलं असतं ना, ती गिटारची टोकापासून टोकापर्यंतची लांबी आहे, स्केल नाही. ३८ इंची घेतली म्हणजे नेक आपोआप सोपा असं काही नसतं, मी ३८ इंची गिटारींवर चार कार्डं सहज गेलेली बघितली आहेत.

नेकवर हात फिरवून बघायला विसरू नका. फ्रेटची टोकं कडेला टोचत असतील तर ती कानशीने घासून घ्यावी लागतील. आणि मागे चकचकीत पॉलिश आहे का मॅट, हे मुंबई, ठाणे, कोकणातल्या लोकांनी मुद्दाम बघावं, मे महिन्यात घामेजलेला हात चकचकीत नेकवर चिकटतो आणि सरकता सरकत नाही. मॅट बरा.

सेकंडहँड घेत असाल तर अजून एक गोष्ट. अ‍ॅक्शन उंच आहे आणि तरीही सॅडल आधीच घासून ब्रिजच्या वर जेमतेम दीड-दोन मिलिमीटर उरलंय, अशी गिटार कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या. खाली आणायला जागाच उरलेली नाही, नेकचा कोन बदलावा लागतो आणि त्याचा खर्च गिटारपेक्षा जास्त होतो.

गिटार घरी आहेच आणि नवी घ्यायची नाहीये असे असाल तर तारा बदला. बऱ्याच गिटारींवर १२-५३ चा सेट असतो (सर्वात बारीक आणि सर्वात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात), त्याऐवजी ११-५२ किंवा १०-४७ लावा. दहाचा सेट लावल्यावर आवाज थोडा बारीक होतो, आणि ताण कमी झाल्याने नेक मागे सरळ होऊन कधीकधी तार झणझणते, तेव्हा ट्रस रॉड किंचित सैल करावा लागतो, एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही आणि पहिल्यांदा करत असाल तर जाणत्या माणसासमोर. फुकटचा उपाय पाहिजे तर सगळ्या तारा अर्धा स्वर खाली उतरवा आणि पहिल्या फ्रेटला कॅपो लावून वाजवा, सूर तोच राहतो आणि हाताला आराम.

सॅडल घासायचं असेल तर हिशोब लक्षात ठेवा, बाराव्या फ्रेटवर अर्धा मिमी उतरवायचा तर सॅडल एक मिमी घासावं लागतं, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोब्बर मध्यावर असतो. नेहमी खालून घासायचं, वरून नाही. जास्त घासलं तर नवीन सॅडल, म्हणून थोडं कमीच घासा आणि लावून बघा. मी माझं पहिलं सॅडल असंच वाया घालवलंय.

आणि पावसाळा. हवेतलं पाणी पिऊन लाकूड फुगतं, वरची फळी ब्रिजपाशी वर येते आणि तारा उंच होतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात याच्या उलट, फळी बसते, तारा फ्रेटला घासतात, फ्रेटची टोकं बाहेर डोकावतात. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. त्यामुळे जुलैमध्ये अचानक नेक जड वाटायला लागला तर लगेच दुकानात पळू नका. माझ्या भाचीची एफएस८०० गेल्या ऑगस्टमध्ये तीन कार्डांवरून जवळजवळ चारवर गेली होती, ती म्हणाली मामा बिघडली. कशालाच हात न लावता केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून दोन आठवडे बंद ठेवायला सांगितली, साडेतीनवर आली, उरलेलं दसऱ्यापर्यंत आपोआप उतरलं.