सायकलवर ठोके मोजायचे तर: कमी पैशात हार्ट रेट मॉनिटर कसा निवडावा

सायकलिंगसाठी हार्ट रेट मॉनिटर घ्यायचा आहे आणि खिशाचा विचार करावा लागतोय, तर छातीवर बांधायचा साधा पट्टा घ्या. त्यातून ब्लूटूथ आणि अँट प्लस (ब्लूटूथसारखीच, व्यायामाच्या यंत्रांत चालणारी बिनतारी पद्धत) असे दोन्ही सिग्नल जात असले पाहिजेत, एवढी एकच अट ठेवा. वीस-पंचवीस हजारांचं घड्याळ मनगटावर असलं तरी घाट चढताना हा पट्टा त्याच्यापेक्षा भरवशाचा आकडा देतो. असं का, पट्टा कोणाला चालणार नाही, आणि आणल्यावर तो खरंच नीट मोजतोय का हे कसं पाहायचं, ते सविस्तर पाहू.

मनगट सायकलवर का फसतं

छातीचा पट्टा ईसीजीच्याच तत्त्वावर चालतो. हृदयाचा स्नायू आकसण्याआधी त्यातून विजेची बारीक लहर जाते. पट्ट्याच्या आतल्या बाजूचे दोन इलेक्ट्रोड ती त्वचेवरून टिपतात. घड्याळं आणि फिटनेस बँड वीज मोजून ठोके धरत नाहीत. ते त्वचेत हिरवा प्रकाश सोडतात आणि परत आलेला प्रकाश मोजतात. ठोक्यागणिक त्वचेखालचं रक्त कमी-जास्त होतं, तसा परतणारा प्रकाशही बदलतो, आणि त्या चढउतारावरून ठोक्यांचा अंदाज बांधला जातो.

खुर्चीत बसल्यावर हा अंदाज छान जमतो. सायकलवर मात्र सगळंच त्याच्या विरोधात जातं. हँडलबार धरला की मनगट वाकतं आणि घड्याळ त्वचेपासून किंचित उचललं जातं. पकड घट्ट झाली की हाताचे स्नायू आणि शिरा ताणल्या जातात. खडबडीत रस्त्याचे हादरे थेट मनगटापर्यंत येतात. उभं राहून पेडल मारताना शरीर डोलतं, आणि त्या लयीलाच सेन्सर ठोके समजून बसतो. थंडीच्या पहाटे उतारावर त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, मग मोजायला पुरेसा चढउतारच राहत नाही. अशा वेळी खरा आकडा १५५ असताना घड्याळावर ११० दिसू शकतो, आणि तोही इतका स्थिर की शंका येऊ नये. त्यात प्रकाशाचे सेन्सर आकडे सरासरी काढून गुळगुळीत करतात, त्यामुळे अर्ध्या-एका मिनिटाचा जोर लावला तर तो संपत आल्यावर आकडा वर सरकतो. इंटरव्हल (थोडा वेळ जोर, मग संथ, असं आलटून-पालटून) करणाऱ्याला याचा काही उपयोग नाही.

घड्याळ आधीपासून असेल तर नवीन खर्च करण्याआधी एक प्रयोग करून पाहा. मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवून ते राइडपुरतं घट्ट बांधा. बऱ्याच घड्याळांत आणि काही स्वस्त बँडमध्येही हार्ट रेट ब्रॉडकास्ट करण्याची सोय असते. ती चालू केली की सायकल कॉम्प्युटरला (हँडलबारवर बसवायच्या छोट्या स्क्रीनला) किंवा फोनला घड्याळ हाच सेन्सर म्हणून दिसतो. संथ, सपाट रस्त्यावरच्या राइडसाठी काहींना एवढं पुरतं.

दंडावरचा पट्टा

प्रकाशाचाच सेन्सर, पण दंडावर किंवा कोपराखालच्या मांसल भागावर बांधायचा. तिथली त्वचा वाकत नाही, मांस भरपूर असतं, हादरेही कमी पोचतात. मनगटापेक्षा हा बराच अचूक असतो, छातीच्या पट्ट्यापेक्षा थोडा मागे. ज्यांना छातीवर पट्टा काचतो, पुरळ येतं, किंवा स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या पट्टीखाली आणखी एक पट्टा नको वाटतो, त्यांनी बिनदिक्कत हाच घ्यावा. रोज वापरला जाणारा दंडाचा पट्टा कपाटात पडलेल्या छातीच्या पट्ट्यापेक्षा केव्हाही चांगला. त्या जागी टॅटू असेल तर मात्र शाई प्रकाश अडवते, दुसरा हात वापरा.

याची खरी मर्यादा चार्जिंगची. छातीच्या पट्ट्यात बटण सेल असतो आणि तो शेकडो तास चालतो. दंडाचा पट्टा एका चार्जिंगवर साधारण पंधरा ते तीस तास टिकतो, आणि बॅटरी जुनी होईल तसे तेही कमी होतात. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या मुदतीत पुरी करायच्या लांब राइडला) साडेतेरा तासांची मुदत असते, तिथवर अडचण नाही. ३०० ला २० तास आणि ४०० ला २७ तास मिळतात, तिथे रात्रीत कधीतरी तो बंद पडण्याची तयारी ठेवा किंवा छातीचा पट्टा न्या.

आकडा पाहणार कशावर?

कोणती कंपनी, याच्या आधी हे ठरवा. चुकीची खरेदी सगळ्यात जास्त इथे होते.

फोनवर स्ट्राव्हा किंवा तसंच एखादं ॲप वापरणार असाल तर ब्लूटूथ लागेलच, कारण आजच्या बहुतेक फोनमध्ये अँट प्लस नसतं. गार्मिन, आयजीपीस्पोर्ट, झॉस, मॅजीन यांचे सायकल कॉम्प्युटर असतील तर अँट प्लस सोयीचं. अँट प्लसचा सिग्नल आकाशवाणीसारखा असतो, कितीही यंत्रांनी एकाच वेळी ऐकावा. ब्लूटूथ मात्र जोडी जमवतं, आणि स्वस्त पट्ट्यांत ती बहुधा एकाच यंत्राशी जमते. फोनने पट्टा धरून ठेवला की कॉम्प्युटरला तो सापडतच नाही. ‘नवा पट्टा खराब निघाला’ या तक्रारीमागे अनेकदा एवढंच कारण असतं. घरात ट्रेनरवर (सायकल जागीच चालवायच्या स्टँडवर) झ्विफ्ट हे ॲप आणि शेजारी घड्याळ असं दोन्हीकडे आकडा हवा असेल तर एकाकडे अँट प्लसने आणि दुसरीकडे ब्लूटूथने पाठवा.

जुन्या पद्धतीचे, फक्त स्वतःच्याच घड्याळाशी बोलणारे पट्टे अजूनही कुठेकुठे स्वस्तात विकायला दिसतात. खोक्यावर ब्लूटूथ आणि अँट प्लस ही नावं स्पष्ट लिहिलेली नसतील तर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.

कोणता घ्यायचा

परवडणाऱ्या गटात मॅजीन एच ६४, कूस्पो एच ६ आणि एच ८०८ एस, आयजीपीस्पोर्ट एचआर ४० ही नावं वर्षानुवर्षं टिकून आहेत. डेकॅथलॉनच्या दुकानातही दोन्ही सिग्नल देणारा पट्टा मिळतो, आणि तिथे तो हातात घेऊन, मापून पाहता येतो. हे सगळे साधारण दोन ते चार हजारांत बसतात. सेल लागला की दर बराच उतरतो, त्यामुळे घाई नसेल तर थोडं थांबा. पोलार एच ९, वाहू टिकर आणि गार्मिन एचआरएम ड्युअल यांना साधारण दीडपट ते दुप्पट पैसे पडतात.

जास्तीच्या पैशात अचूकता फारशी वाढत नाही. वाढतो तो पट्ट्याच्या कापडाचा दर्जा, शिवण, आणि सुटा पट्टा मिळण्याची खात्री. पोलार एच १० एकाच वेळी दोन ब्लूटूथ जोडण्या सांभाळतो आणि एक सत्र स्वतःत साठवून ठेवतो. सायकलवर पुढे कॉम्प्युटर असताना या गोष्टीची गरज क्वचितच पडते. दोन ठोक्यांमधलं अंतर मोजून सकाळची एचआरव्ही (त्या अंतरातला चढउतार) पाहायची असेल तर छातीचाच पट्टा हवा, पण त्यासाठीही एच १० च घ्यायला हवा असं नाही.

परदेशी व्हिडिओ पाहून अलीएक्सप्रेसचे दर मनात धरू नका. ते ॲप भारतात नोव्हेंबर २०२० पासून बंद आहे. बाहेरून कोणाकडून मागवलंत तर कस्टम ड्युटी जोडून हिशोब करा. परत करण्याची मुदत देणारा इथला विक्रेता शे-दोनशे रुपयांनी महाग पडला तरी तोच घ्यावा, कारण पट्ट्याची परीक्षा वापरूनच होते.

मागवण्याआधी छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, पट्टा बसतो तिथे टेपने घेर मोजा आणि उत्पादनाच्या मापाशी ताडून पाहा. बारीक अंगाच्या माणसांना पट्टा पूर्ण आवळूनही सैल राहतो, आणि सैल पट्टा म्हणजे चुकीचा आकडा. पॉड (सेल आणि सिग्नलचं यंत्र असलेली छोटी डबी) टिचबटणांनी लागणारा आणि पट्ट्यापासून सुटा होणाराच हवा. कापड खराब झालं की फक्त पट्टा बदलता येतो. सेल कोणता लागतो तेही पाहा: सीआर २०३२ कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो. पोलारला सीआर २०२५ लागतो. दोन्ही ३ व्होल्टचे आणि २० मिलिमीटर व्यासाचे, पण एक ३.२ मिलिमीटर जाड, दुसरा २.५, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा बसवू नका. वापरलेला सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला गेला तर अन्ननलिका जाळतो, आणि लगेच दवाखाना गाठावा लागतो.

परत करण्याच्या मुदतीत घ्यायची परीक्षा

आधी इलेक्ट्रोड पाण्याने नीट ओले करा, नुसतं बोट फिरवून नाही, दोन्ही पट्ट्या ओल्या दिसल्या पाहिजेत. छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, पॉड मध्यभागी आणि अक्षरं सुलटी ठेवून बांधा. खोल श्वास घेता यावा, पण उडी मारल्यावर पट्टा घसरू नये इतका घट्ट.

पाच मिनिटं शांत बसा. मानेच्या एकाच बाजूला हलक्या बोटांनी नाडी धरून ३० सेकंद मोजा, दुप्पट करा. स्क्रीनवरच्या आकड्याशी दोन-तीन ठोक्यांपेक्षा जास्त फरक नको. मग राइड: वीस मिनिटं एका लयीत, त्यानंतर एक-एक मिनिटाचे तीन जोरदार प्रयत्न, मध्ये तीन मिनिटं संथ. घरी येऊन आलेख पाहा. वीस मिनिटांचा भाग हळूहळू चढलेला दिसावा आणि पुढे तीन स्पष्ट सुळके, प्रत्येकाची उतरण जराशी संथ. सरळ उभ्या रेषा, अचानक शून्य, किंवा दहा मिनिटं न हललेला आकडा दिसला तर पुढचा भाग वाचा, दुरुस्ती करून पुन्हा तपासा, तरीही तसंच असेल तर पट्टा परत करा.

बिघडतं काय आणि का

सुरुवातीच्या दहा मिनिटांतच आकडा वेडावाकडा आणि नंतर आपोआप ठीक, याचा अर्थ इलेक्ट्रोड कोरडे होते आणि घाम आल्यावर संपर्क जमला. मुंबईच्या दमट हवेत हे क्वचित होतं. पुण्या-नाशिकच्या जानेवारीतल्या कोरड्या पहाटे हमखास होतं. पाणी पुरत नसेल तर औषधाच्या दुकानातून ईसीजी जेल आणून थेंबभर लावा.

उतारावर, काहीच जोर नसताना २०० च्या वर उडी दिसली तर बहुधा जर्सीचा दोष. सैल पॉलिस्टर वाऱ्याने फडफडतं, पट्ट्यावर घासून स्थिर वीज तयार होते आणि पॉड तिलाच ठोके समजतो. जर्सीची चेन वर ओढा, अंगाला बसणारी जर्सी घाला, छातीवरचं कापड थोडं ओलं करा.

सिग्नल मधूनमधून तुटत असेल तर फोन कुठे आहे ते पाहा. जर्सीच्या मागच्या खिशात असेल तर छाती आणि फोन यांच्यामध्ये तुमचं सगळं शरीर येतं, आणि शरीरातलं पाणी या लहरी शोषून घेतं. फोन हँडलबारवर आणा. तरीही तुटत असेल तर सेल बदला, आणि बदलताना झाकणाखालची रबरी रिंग नीट बसली आहे ना ते पाहा. पावसाळ्यात पाणी आत शिरतं ते याच रिंगेपाशी. छातीवर केस दाट असतील तर पॉड थोडा डावीकडे सरकवून पाहा.

पट्ट्याची चूक आणि शरीराचा बदल यांत फरक करायला शिका. यंत्राची चूक एका क्षणात तीस-चाळीस ठोक्यांची उडी मारते. शरीर हळूहळू सरकतं. एप्रिल-मेच्या उन्हात दोन तासांनंतर त्याच वेगाला दहा ठोके जास्त दिसणं ही चूक नाही, घामाने रक्तातलं पाणी घटलं आहे आणि शरीर थंड राहायला धडपडतंय. मात्र पट्टा ओला, सेल नवा, आणि तरी संथ चालवताना आकडा पुन्हा पुन्हा उसळत असेल, सोबत धडधड किंवा चक्कर जाणवत असेल, तर राइड थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. हा पट्टा निदानाचं यंत्र नाही.

आकड्यांचं काय करायचं

ॲप तुमचं वय विचारून ‘२२० वजा वय’ या सूत्राने कमाल ठोके धरून झोन (जोरानुसार पाडलेल्या ठोक्यांच्या पायऱ्या) भरून टाकतं. हे सूत्र एकेका माणसाच्या बाबतीत सहज दहा-बारा ठोक्यांनी चुकतं, म्हणजे जवळजवळ अख्ख्या झोनने. त्यापेक्षा ताजेतवाने असताना, ट्रॅफिक सिग्नल नसलेल्या रस्त्यावर किंवा लांब चढावर ३० मिनिटं सलग झेपेल तितक्या जोराने चालवा आणि शेवटच्या २० मिनिटांची सरासरी घ्या. हा तुमचा थ्रेशोल्ड, म्हणजे बराच वेळ टिकवता येईल अशा कमाल जोराचे ठोके. त्याच्या ८१ ते ८९ टक्के म्हणजे लांब राइडचा झोन टू: थ्रेशोल्ड १६० असेल तर साधारण १३० ते १४२. पस्तिशी-चाळिशीपुढे व्यायामाला नव्याने सुरुवात करत असाल, किंवा घरात हृदयविकार असेल, तर ही चाचणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर ठोके मुळातच दाबलेले असतात. तिथे कोणतंही वयाचं सूत्र लागू पडत नाही, पेसमेकर असलेल्यांनीही आधी विचारून घ्यावं.

पट्टा टिकवायचा तर

राइड संपली की पॉड लगेच काढा. ओल्या पट्ट्यावर तो तसाच राहिला तर त्याला वाटतं तुम्ही अजून सायकलवर आहात, आणि सेल संपत राहतो. पट्टा वाहत्या पाण्याखाली धुऊन सावलीत वाळत घाला. आठवड्यातून एकदा सौम्य साबणाने हाताने धुवा. फॅब्रिक सॉफ्टनर, ब्लीच आणि इस्त्री नको, तिन्हींनी इलेक्ट्रोडचा थर बिघडतो. घामाचं मीठ साचलं की टिचबटणं हिरवी पडतात. जुन्या टूथब्रशने ती घासून कोरडी करा. एवढं करूनही वर्ष-दोन वर्षांत कापड थकतं आणि नवा सेल घालूनही आकडे तुटू लागतात. तेव्हा पॉड फेकू नका. टिचबटणांमधलं अंतर पट्टीने मोजा आणि तेवढ्याच अंतराचा सुटा पट्टा मागवा. बऱ्याच कंपन्यांचं हे अंतर सारखंच असतं, त्यामुळे दुसऱ्या ब्रँडचा पट्टाही बसतो.