ग्रीक शोकांतिकेची सुरुवात कशी वाचावी

ग्रीक शोकांतिका पहिल्यांदा हातात घेणारे बरेच वाचक सुरुवातीच्या चार-सहा पानांतच अडकतात. नावं अनोळखी, घराणी अनोळखी, आणि कोणीतरी आधीच मेलेलं असतं, कुठलीतरी भविष्यवाणी आधीच झालेली असते. आपण उशिरा पोचलो आणि पहिला अंक हुकला, असं वाटत राहतं. प्रत्यक्षात काहीच हुकलेलं नसतं. या नाटककारांनी कथा मुद्दामच शेवटाच्या बाजूने धरलेली असते. ज्या दिवशी सगळं उघड्यावर येणार, नेमक्या त्या दिवशी ते आपल्याला राजवाड्याच्या दारात आणून उभं करतात. हे ध्यानात ठेवून सुरुवात कशी वाचायची, ते पाहू.

१. कथा आधी माहीत करून घ्या

शेवट कळला तर मजा जाईल, ही भीती इथे सोडून द्या. अथेन्समध्ये ॲक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर, डायोनायसस या देवाच्या उत्सवात ही नाटकं व्हायची, तेव्हा समोर बसलेल्यांना कथेचा सांगाडा बहुतेक वेळा ठाऊक असायचा. अँटिफनीस नावाच्या एका विनोदी नाटककाराच्या पात्राची तर तक्रारच आहे: शोकांतिका लिहिणाऱ्यांचं बरं असतं, नुसतं ‘इडिपस’ म्हटलं की बाप कोण, आई कोण, मुलं कोणती, पुढे काय होणार, हे सगळं लोकांना आपोआप कळतं! आपल्यालाही हे परकं वाटू नये. कीर्तनाला बसलेल्याला वस्त्रहरणाचा शेवट माहीत असतोच. बुवा आज ती कथा कशी लावतात, हे ऐकायला तो आलेला असतो.

म्हणून नाटक उघडण्याआधी त्या घराण्याची दंतकथा अर्ध्या पानात वाचून घ्या. तेवढं पुरतं.

२. कोरस येईपर्यंत वाचा आणि थांबा

कोरस म्हणजे नाटकात गाणारा-नाचणारा समूह. त्याच्या प्रवेशगीताआधीचा सगळा भाग म्हणजे प्रोलोगोस, अशी ॲरिस्टॉटलची व्याख्या आहे. मूळ ओळींचे आकडे समासात छापलेला अनुवाद मिळाला तर उत्तम. सोफोक्लीसच्या ‘इडिपस’मध्ये हा भाग १५० ओळींचा आहे, ‘अँटिगनी’मध्ये ९९, आणि एस्किलसच्या ‘ॲगमेम्नॉन’मध्ये (इ.स.पू. ४५८) जेमतेम ३९. इ.स.पू. ४७२च्या ‘पर्शियन्स’मध्ये तो नाहीच, तिथे कोरसच पहिल्यांदा आत येतो. मराठीत वाचायचं असेल तर पु. ल. देशपांडे यांचं ‘राजा ओयदिपौस’ हाताशी आहे.

३. कागदावर उभी रेघ मारा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. रेघेच्या डावीकडे ‘पूर्वी घडलेलं’ लिहा, उजवीकडे ‘आज, डोळ्यांसमोर घडणारं’.

‘इडिपस’ची डावी बाजू पूर्ण कथेवरून भरून पाहा. मुलगा बापाला मारेल ही देववाणी, पायांना टोचून किथेरॉन डोंगरावर टाकायला दिलेलं बाळ, दया येऊन ते दुसऱ्याच्या हाती सोपवणारा मेंढपाळ, कॉरिंथच्या राजवाड्यातलं बालपण, मेजवानीत कोणा दारुड्याने मारलेला टोमणा, देववाणी विचारायला केलेली डेल्फीच्या देवळाची वारी, तीन वाटा मिळतात तिथे नकळत झालेला बापाचा खून, स्फिंक्स या राक्षसीचं कोडं, राणीशी, म्हणजे नकळत स्वतःच्याच आईशी, लग्न, चार मुलं. एवढं सगळं डावीकडे! उजवीकडे काय उरतं? शहरात साथ आली आहे, लोक दाराशी बसले आहेत आणि राजा चौकशी सुरू करतो. नाटकात नवीन असं फारसं काही घडत नाही. जे घडून गेलंय ते कळत जातं, आणि त्या कळण्यानेच माणूस उद्ध्वस्त होतो.

आता त्या १५० ओळी हळू वाचा. डेल्फीहून परतलेला क्रेऑन सांगतो की जुना राजा लायस याला दरोडेखोरांनी मारलं, आणि एका हाताने नव्हे, अनेक हातांनी. इडिपस लगेच विचारतो: इथून कोणी पैसे चारल्याशिवाय दरोडेखोराला एवढं धाडस झालं कसं? क्रेऑनचं अनेकवचन इडिपसच्या तोंडी एकवचन झालं. वाचताना हे सहज निसटतं. पण पुढे नाटकाच्या मध्यावर त्याचा सगळा जीव याच आकड्यावर टांगलेला असतो: मारेकरी अनेक असतील तर तो मी नाही, कारण एक म्हणजे अनेक नव्हे. तेव्हा सुरुवातीच्या भागात वचनं, आकडे, ‘एकच माणूस वाचला’ अशी वाक्यं यांखाली पेन्सिलीने खूण करत चला.

४. पहिलं कोण बोलतं ते पाहा

राजाराणीच पहिलं बोलतात असं नाही. ‘ॲगमेम्नॉन’मध्ये छपरावर पहारेकरी आहे. ट्रॉय पडल्याचा अग्निसंकेत दिसतो का, म्हणून तो वर्षभर कुत्र्यासारखा जागा आहे. जाळ दिसतो, तो आनंदाने नाचतो, आणि मग एकदम मिठाची गुळणी धरतो. या घराला वाचा असती तर तेच बोललं असतं, असं म्हणून निघून जातो. राणी अजून दिसलेलीही नाही आणि आपल्याला घराची भीती वाटायला लागली! ३९ ओळींत हे साधणारा दुसरा आरंभ मला तरी माहीत नाही.

युरिपिडीसची पद्धत निराळी. त्याच्याकडे बहुधा एकच पात्र पुढे येऊन सगळी पूर्वपीठिका सांगतं: ‘मिडिया’त (इ.स.पू. ४३१) दाई, ‘हिपॉलिटस’मध्ये (इ.स.पू. ४२८) खुद्द देवी ॲफ्रोडायटी. तिथे देवी तर सांगूनच टाकते की तरुण हिपॉलिटस आज मरणार. मात्र देवांच्या शब्दावरही डोळे मिटून विसंबू नका. ‘आयन’मध्ये हर्मीस हा देव जे भाकीत करतो, ते तंतोतंत तसं घडत नाही, मायलेकरांची ओळख अथेन्सच्या घरी न पटता डेल्फीतच पटते.

५. कोरसला काय माहीत नाही ते विचारा

आता कोरस येऊ द्या. ‘अँटिगनी’त पहाटेच्या अंधारात दोघी बहिणी दाराबाहेर भेटतात, आणि राजाज्ञा मोडून भावाला मूठमाती देण्याचा बेत अँटिगनी सांगते. त्या जातात न जातात तोच थीब्जचे वृद्ध आत येतात आणि उगवत्या सूर्याला उद्देशून विजयाचं गाणं गातात. युद्ध संपलं, आता विसरू या, नाचू या! त्यांना काहीच माहीत नाही. आपल्याला मात्र माहीत आहे की पुढचं युद्ध आत्ताच, याच दारात सुरू झालं. हे गाणं कंटाळवाणं म्हणून उलटून जाणाऱ्यांचा सगळ्यात मोठा तोटा इथे होतो.

६. नाटक संपलं की पहिलं पान पुन्हा उघडा

‘इडिपस’मध्ये राजाचा पहिला उद्गार आहे ‘मुलांनो’. दाराशी बसलेल्या प्रजेला तो बापाच्या मायेने हाक मारतो. शेवटाकडे या, आंधळा झालेला तोच माणूस पुन्हा ‘मुलांनो’ म्हणतो, तोच ग्रीक शब्द. आता तो आपल्या दोन लहान मुलींना चाचपडत शोधतो आहे: कुठे आहात, इकडे या, तुमच्या भावाच्या या हातांकडे या.