गोळी बसवण्याआधी पुंगळीत डोकावा
अमेरिकेत राहून टार्गेट शूटिंगसाठी घरीच काडतुसं भरायला शिकताय? मग पहिलं यंत्र सिंगल-स्टेज प्रेसच घ्या, म्हणजे एका वेळी एकच टप्पा करणारं. काम सावकाश होतं, पण नवशिक्याला तेच बरं. (भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.) टेबलावर बंदुकीच्या दारूचा एकच डबा ठेवा. भाराचा, म्हणजे एका काडतुसात घालायच्या दारूच्या वजनाचा, आकडा छापील रीलोडिंग (काडतूस भरण्याच्या) तक्त्यातलाच, तोही सुरुवातीचा. .३८ स्पेशल या रिव्हॉल्वरच्या काडतुसाच्या पुंगळीत (धातूच्या नळीत) हलका भार तळाशीच राहतो. चुकून दुप्पट पडला तरी बाहेर सांडत नाही, आणि त्यानेच रिव्हॉल्वर फुटू शकतं. म्हणून ५० पुंगळ्या भोकं असलेल्या ठोकळ्यात उभ्या करा आणि टॉर्च मारून एकेकीत बघा. एखादीत पातळी जराही वर दिसली, तर ती रिकामी करून भार पुन्हा तोला.