राउंडच्या वेळी नातेवाइकांनी काय करावं

बाबा परळच्या एका रुग्णालयात ११ दिवस होते. डॉक्टर राउंडला यायचे, फाइल बघून माझ्याशीच बोलायचे. बाबा छताकडे बघत पडलेले. चौथ्या दिवशी मी म्हटलं, “डॉक्टर, त्यांनाच सांगा ना, त्यांना सगळं कळतं.” तुम्ही हे पहिल्याच दिवशी म्हणा.

राउंडची वेळ सिस्टरना विचारून ठेवा. डोंबिवलीहून येणार असाल तर एक लोकल आधीची धरा. आदल्या संध्याकाळी पेशंटला विचारा, “उद्या काय विचारायचं?” आणि त्याच्याच शब्दांत वहीत लिहा. बाबांनी लिहायला लावलं होतं: ‘रात्री २ वाजता रक्त घ्यायला उठवतात, सकाळी नाही का जमणार?’ जमलं! आम्हाला कुणालाच ते सुचलं नसतं.

घरच्यांपैकी एकानेच डॉक्टरांशी बोलावं, बाकीच्यांना त्याने कळवावं. ऐकलेलं लगेच परत म्हणून दाखवा: “म्हणजे ही गोळी जेवणाआधी, बरोबर?” घरी चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्याच.

केसपेपरच्या प्रती हव्या असतील तर लेखी अर्ज द्या. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार त्या ७२ तासांत मिळायला हव्यात. डिस्चार्जच्या गडबडीत हे राहून जातं, म्हणून अर्ज आदल्या दिवशीच द्या.