जुन्या सिग्नलवर काम करताय? निदान या चुका टाळा

ब्रिटनमधल्या हेरिटेज रेल्वे, म्हणजे जतन केलेले जुने रेल्वेमार्ग, स्वयंसेवकांच्या जिवावर चालतात. वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेने १९५१ साली ही वाट घालून दिली. आता आपल्यातलेही काहीजण शनिवार-रविवारी सिग्नल-टेलिफोनच्या कामाला येतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण दर मोसमात त्याच त्या चुका बघून जीव तुटतो. या गाड्यांमधून खरी माणसं, पोरंबाळं प्रवास करतात.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी घाई म्हणजे बिघाड कळला की लगेच यंत्राचं झाकण उघडणं. एका उन्हाळ्यात दोन सिग्नल बॉक्समधली (सिग्नलमनच्या केबिनमधली) ब्लॉकची घंटा, म्हणजे गाडीचे निरोप ठोक्यांनी कळवणारी घंटा, अधूनमधून ठोका गाळू लागली. हे किरकोळ नाही. तीन-थांबा-एक म्हणजे ‘साधी प्रवासी गाडी सोडू का?’ आणि दोन-थांबा-एक म्हणजे ‘गाडी पोचली, सेक्शन (दोन बॉक्समधला मार्ग) मोकळा’. एक ठोका गळला की निरोपच बदलतो. ऐकणाऱ्याने तेच ठोके परत वाजवायचे असतात, म्हणून चूक तिथल्या तिथे पकडली गेली.

दुरुस्तीला आलेल्या नव्या गड्याने मीटर पिशवीतून काढलाच नाही. रिले (विजेने चालणारा स्विच) उघडला, काँटॅक्ट काळे दिसले, म्हणून पॉलिश पेपरने घासले. घंटा वाजली आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. मी गेलो तेव्हा बॅटरी ठीक होती, टॅपर (घंटा वाजवायची कळ) दाबल्यावर तारेवर व्होल्टेज येत होतं, पण करंट जेमतेम. ते सर्किट एकाच तारेवर चालायचं, परतीचा रस्ता जमिनीतून. बॉक्समागे अर्थच्या (तार जमिनीला जोडलेल्या) जागी बादलीभर पाणी ओतलं आणि घंटा खणखणीत वाजू लागली. माती कोरडीठाक झाली होती. उकरल्यावर तांब्याच्या तारेचा जोड हिरवा पडून सुटत आलेला दिसला. पाण्याने फक्त निदान झालं. दुरुस्ती म्हणजे नवा जोड आणि खोल ठोकलेला अर्थ रॉड. घासलेल्या काँटॅक्टवरची चांदी मात्र गेली ती गेलीच, आणि हवेत ओल आल्यावर त्याच रिलेने हिवाळाभर छळलं.

माझी सवय ठरलेली आहे. आधी बॅटरी लोडवर मोजायची, मग अर्थ, मग तारेचे जोड, आणि यंत्र सगळ्यात शेवटी. मोजण्याआधी घासायला बसणारा माणूस मला गटात नको.

दुसरी चूक मी अजिबात खपवून घेत नाही: जुनी तार एका टोकाला सोडवायची आणि ‘नंतर कापू’ म्हणून वाकवून बाजूला ठेवायची. लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनला १२ डिसेंबर १९८८ रोजी ३५ माणसं गेली ती अशाच तारेमुळे. रिलेकडचं टोक सोडवलेलं, फ्यूजकडचं तसंच जोडलेलं. पुढे त्याच खोलीतल्या दुसऱ्या कामात ती हलली, जुन्या जागेला टेकली, आणि पुढे गाडी उभी असतानाही सिग्नल लाल होईना. अँथनी हिडन यांच्या चौकशीत निघालं की तारा किती आहेत हे दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे मोजलंच नव्हतं, आणि त्या तंत्रज्ञाला तेरा आठवड्यांत एकच सुट्टी मिळाली होती. म्हणून दिवसभर राबून संध्याकाळी ‘एवढं एक उरकून टाकू’ म्हणणाऱ्याच्या हातातला पक्कड मी काढून घेतो. तार काढायची तर दोन्ही टोकं त्याच दिवशी. ते जमणार नसेल तर टोक कापून, इन्सुलेशन लावून, बांधून ठेवायचं. ड्रॉइंगवर काढलेली तार हिरव्या शाईने, नवी लाल शाईने. मग टर्मिनलवर तारा किती आहेत ते दुसऱ्याने मोजायचं, ज्याने जोडल्या त्याने नाही.

बाकीच्या थोडक्यात सांगतो. मॅग्नेटो (हँडल फिरवून घंटा वाजवायच्या) टेलिफोनच्या उघड्या तारा हातात धरण्याआधी दोन्हीकडच्या माणसांना कळवा. कोणी हँडल फिरवलं तर पाऊणशे-शंभर व्होल्टचा झटका बसतो, आणि शिडीवर असाल तर पडून जिवावर बेततं. मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावण्याआधी टेलिफोन आणि लाइटनिंग अरेस्टर (आकाशातल्या विजेपासून वाचवणारं साधन) सोडवा. लॉकिंगला (परस्परविरोधी लिव्हर एकदम ओढता येऊ नयेत म्हणून असलेल्या यंत्रणेला) ग्रीस थापू नका, पुसून हलकं तेल पुरतं. भर दुपारी सैल पडलेली सिग्नलची तार (बॉक्समधून सिग्नलचा हात ओढणारी) कायमची आखूड करू नका. रात्रीच्या गारठ्यात ती आकसते आणि सिग्नलचा हात धोक्यावर पूर्ण येत नाही. उन्हाची सैल काढायला बॉक्समध्ये अ‍ॅडजस्टर असतो.

फेसिंग पॉइंटचं (समोरून येणारी गाडी जिथे रूळ बदलते त्या सांध्याचं) लॉक ‘बघून ठीक वाटतंय’ यावर कधीच सोडू नका. टंग रेल (सरकणारा रूळ) आणि स्टॉक रेल (पक्का रूळ) यांच्या मधे साडेतीन मिलिमीटरची पट्टी धरल्यावर लॉक बसता कामा नये. बसलं तर तो पॉइंट बंद, मग फलाटावर कितीही प्रवासी खोळंबलेले असोत.

आणि सिग्नलमनने होकार दिल्याशिवाय, ट्रेन रजिस्टरमध्ये नोंद झाल्याशिवाय कुठल्याही टर्मिनलला स्क्रू ड्रायव्हर लावायचा नाही. काम संपल्यावर पुन्हा नोंद, वेळेसकट, पण त्याआधी घंटा, टेलिफोन आणि सिग्नल त्याच्या डोळ्यांसमोर चालवून दाखवायचे.