थंडीत कुत्र्याचे पंजे: या चुका टाळा

ग्वाल्हेरला बर्फ पडत नाही, त्यामुळे बर्फ नि तो वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठापासून पंजे वाचवायचे सल्ले इथे कामाचे नाहीत. आपल्याकडे पंजे बिघडतात ते कोरड्या हवेने, आणि बरेचसे आपल्याच उपायांनी.

पहिला उपाय आजीचा: मोहरीचं तेल. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी आमच्या कुत्र्याच्या, मोतीच्या, पंजाखालच्या भेगाळलेल्या गाद्यांना ते चांगलं चोपडलं. दहा मिनिटांत निम्मं त्याने चाटलं, निम्मं फरशीला लागलं आणि त्यावरून आजीच घसरता घसरता वाचली. टाचांच्या भेगांचं मलमही नको. त्यात पुष्कळदा सॅलिसिलिक अ‍ॅसिड असतं, काहींत झिंक. चाटून पोटात गेलं तर त्रास होतो. खोबरेलाचे दोन थेंब चोळून जिरवा आणि लगेच जेवायला घाला, म्हणजे तोंड दुसरीकडे गुंतेल.

दिवसभर मोजे घालणं ही दुसरी चूक. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांतून. मोज्यात ओल कोंडते, बोटांमध्ये बुरशी धरते. पाय गरम पाण्याने धुऊन तसेच सोडले तरी तेच होतं. पाणी कोमट हवं आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायला हव्यात.

सगळ्यात वाईट म्हणजे अलाव, म्हणजे रस्त्यावरची शेकोटी. धुक्यातल्या सकाळी चौकात रात्रीची शेकोटी विझलेली दिसते, पण राखेखाली निखारा जिवंत असतो आणि कुत्रा ऊब शोधत नेमका तिथेच जातो. तिथून जाताना पट्टा आखूड धरा. भाजलंच तर दहा-पंधरा मिनिटं साध्या पाण्याची धार सोडा. बर्फ नको, टूथपेस्ट तर मुळीच नको.

थंडीत फिरणं कमी होतं, नखं झिजत नाहीत. फरशीवर टकटक ऐकू आली की कापायची वेळ झाली.

सारखा पंजा चाटत असेल तर आधी मोजा: एकच पाय की चारही? एकच असेल तर बोटांमध्ये सराटा, काच किंवा सुतळी शोधा. चारही असतील तर बहुधा अ‍ॅलर्जी, नाहीतर कोरडेपणा. वास, सूज किंवा लंगडणं दिसलं तर डॉक्टरांकडे न्या, आणि जाण्याआधी काही लावू नका. लावलेलं असलं की जखम बघण्याआधी त्यांना ते पुसत बसावं लागतं, आणि मोती पुसू देत नाही.